फ्लोअरला भोक पाडण्याआधी : हाताच्या गिअरविषयी प्रश्नोत्तरे

जुन्या फिएट आणि अँबॅसिडर पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांची पत्रं वाढली आहेत. आनंद आहे. पण बहुतेक पत्रांत गोंधळ एकच : हाताचा गिअर, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या दांड्याचा, ठेवू की काढून फ्लोअरवर दांडा असलेला फ्लोअर गिअर बसवू? म्हणून या वेळी फक्त गिअरचा दांडा आणि त्याचं लिंकेज, म्हणजे दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्या-सांधे, यांचे प्रश्न घेतो.

प्रश्न : वडिलांची १९७१ ची फिएट दुरुस्त करतोय. गिअर फार सैल आहे, तिसरा टाकायला जावं तर पहिला पडतो. मेकॅनिक म्हणतात, हाताचा गिअर मुळातच टाकाऊ, फ्लोअर गिअर करून घ्या. किट तयार मिळतं म्हणे. करू का? (सातारा)

नका करू. हाताचा गिअर टाकाऊ असता, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या दिवसभर सिग्नलला थांबत-सुटत वर्षानुवर्षं त्यावर धावल्या नसत्या. तुमचा गिअर वाईट नाही, झिजलेला आहे.

आधी तो कसा चालतो ते पाहा. दांड्याच्या दोन हालचाली असतात. एकीने ओळ निवडली जाते, पहिला-दुसरा की तिसरा-चौथा. दुसरीने त्या ओळीतला गिअर पडतो. दोन्ही हालचाली स्टिअरिंगच्या बाजूने बॉनेटमध्ये उतरतात आणि आर्म, सळ्या, पिना, बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) असं करत पेटीपर्यंत, म्हणजे गिअरबॉक्सपर्यंत, पोचतात. एकेका सांध्यात अर्धा मिलिमीटर झीज धरा. सहा सांध्यांचे झाले तीन मिलिमीटर. ओळ निवडायची हालचाल मुळात छोटी, ती या तीन मिलिमीटरमध्येच संपते. हाताला वाटतं तिसऱ्याची ओळ मिळाली, पेटी मात्र पहिल्याच्याच ओळीत असते.

गेल्या पावसाळ्यात एका पद्मिनीचा (फिएटचंच नंतरचं नाव) खालचा आर्म सोडवला. बुशच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर तार आवळलेली होती. पिन बोटांत धरून फिरवली तर एका बाजूने चपटी, कडेला नख अडकत होतं. लेथवर गनमेटलचे बुश कातून घेतले, पिना नव्या टाकल्या, ग्रीस भरलं, न्यूट्रलमध्ये सळ्यांची लांबी जुळवली. गिअर दोन बोटांनी पडायला लागला. त्याच मालकांना आधी एका दुकानाने फ्लोअर गिअरचा खर्च लिहून दिला होता, आणि तोवर बॉनेट कोणी उघडलंही नव्हतं. याचा मला राग येतो.

किट म्हणतात त्यात बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीची पेटीच असते. मग बेल हाउसिंग (इंजिन आणि पेटी जोडणारं कवच) जुळत नाही, क्लच प्लेटचे दाते वेगळे, प्रोपेलर शाफ्ट कापावा किंवा वाढवावा लागतो, स्पीडोमीटर चुकीचा आकडा दाखवतो. या सगळ्यासाठी मधला बोगदा, म्हणजे फ्लोअरच्या मधला उंचवटा, ग्राइंडरने कापतात. तो पत्रा पूर्वीसारखा परत होत नाही, आणि कापलेल्या कडेवर पहिल्याच पावसात गंज धरतो.

कायद्याचंही बघा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. तुमची गाडी वयात बसते. बोगदा कापल्यावर ती मूळ रूपात धरतील का, हे दुकानदार सांगू शकत नाही. आरटीओत विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आज एवढं करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एकाने न्यूट्रलमध्ये दांडा हळूहळू हलवायचा, दुसऱ्याने बॉनेटखाली टॉर्च धरून एकेक सांधा बघायचा. जिथे वरचा भाग हलतो आणि खालचा थांबून राहतो, तिथे झीज. इंजिन माउंटिंगचं रबरही बघा. ते दबलं असेल तर इंजिन डुलतं आणि लिंकेजची जुळवणी बिघडते. मग हाताचे गिअर ज्याने स्वतः उघडलेत अशा जुन्या फिटरला गाडी दाखवा, आणि त्याने पाहिल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

प्रश्न : दांड्याची मूठ पिवळी पडली आहे. लाकडी बसवली तर चालेल? (ठाणे)

चालेल. आटे मोजून घ्या.

प्रश्न : चोर बाजारात ‘कंपनीचा जुना स्टॉक’ म्हणून पद्मिनीचा पूर्ण लिंकेज सेट मिळतोय. अस्सल कसा ओळखू? (मुंबई)

पाकीट पिवळं आहे म्हणून माल जुना ठरत नाही. झिजलेल्या भोकांत ग्रीस थापून वर काळा रंग मारतात, म्हणून आधी फडक्याने पुसा. पिन भोकात घालून आडवी हलवा. आपला जुना आर्म सोबत न्या, भोकावर भोक ठेवून बघा. भोक थोडं मोठं असेल तर बुश टाकता येतो, पण आर्म वाकलेला असेल तर घेऊ नका. अख्खा सेट लागतोच असंही नाही. तुमचं लिंकेज उघडून फिटरने यादी दिल्यावरच बाजारात जा.

प्रश्न : विलीज जीपचं लिंकेज कोणतं घ्यावं? (नाशिक)

बहुतेक विलीज जीपचा दांडा थेट पेटीच्या माथ्यात उतरतो, त्यांना लिंकेज नाहीच. दांडा सैल असेल तर माथा उघडून घ्या.

प्रश्न : पहिला टाकताना फिएट करकरते. लिंकेज बदलू? (कोल्हापूर)

या पेटीत पहिल्याला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) नाही, गाडी पूर्ण थांबवून टाका. थांबूनही करकरत असेल तर क्लच नीट सुटत नाही, तो तपासून घ्या.

प्रश्न : हाताच्या गिअरची अँबॅसिडर भर चौकात दोन गिअरच्या मध्ये अडकते. ड्रायव्हर बॉनेट उघडून हाताने सोडवतो. हे नेहमीचंच आहे म्हणतो. (सोलापूर)

नेहमीचं आहे, म्हणून बरोबर ठरत नाही. एक आर्म न्यूट्रलला परतण्याआधी दुसरी ओळ निवडली जाते, म्हणून अडकतो. कारण तेच, बुश आणि जुळवणी. तोवर सोडवताना इंजिन बंद आणि हँडब्रेक ओढलेला हवा, समोर कोणी उभं नको. इसुझू इंजिनाच्या अँबॅसिडरला फ्लोअर गिअर होता म्हणून तो बसवायचा सल्लाही मिळेल. त्यासाठी पेटीच बदलावी लागते. सातारच्या वाचकांना दिलेलं उत्तर वाचा.

प्रश्न : उतारावर पाय उचलला की चौथा आपोआप सुटतो. सहा महिने दांडा हाताने धरून चालवतोय. दिवाळीनंतर काम काढू का? (पुणे)

सहा महिने! गिअर सुटला की इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार या जुन्या ब्रेकवर येतो. दांडा धरून ठेवल्याने पेटीतला गिअर सरकवणारा फोर्कही घासतो. दोष लिंकेजमध्ये आहे की पेटीत, हे पत्रावरून सांगता येणार नाही. लिंकेज सोडवून पेटीवरचा आर्म हाताने शेवटपर्यंत जातो का, हे फिटरने बघायला हवं. आर्म पूर्ण गेला तर सळ्यांची जुळवणी, अडला तर पेटी उघडायची. दिवाळीची वाट बघू नका. गॅरेज घाटापलीकडे असेल तर गाडी टेम्पोवर चढवून न्या.