कोरड्या भुकटीला घमघमाट येत असेल, तर तिथेच पाणी मुरतंय

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. संत्र्याच्या तेलाची स्प्रे ड्रायरवर (द्रवाचे बारीक थेंब गरम हवेत फवारून वाळवणाऱ्या यंत्रावर) केलेली भुकटी, ड्रायरमधून निघताना घमघमाट, दीड महिन्याने पाकीट उघडलं की टर्पेंटाइनसारखा वास, आणि प्रयोगशाळेचा अहवाल म्हणतो 'एकूण तेल समाधानकारक'. म्हणून तुम्ही इनलेटचं, म्हणजे आत येणाऱ्या गरम हवेचं, तापमान १८० अंशांवरून १५० वर आणलंत, तर वास बिघडायचा थांबला नाहीच, वर गुठळ्या व्हायला लागल्या. मी नेमका याच फेऱ्यात अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्प्रे ड्रायर कसा चालतो वगैरे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडून देतो.

तुम्ही जे चांगलं लक्षण म्हणून सांगताय तीच खरी तक्रार आहे. तेल नीट आत कोंडलं गेलं असेल तर कोरड्या भुकटीला फारसा वास येत नाही. चिमूटभर पाण्यात टाका, कणाची भिंत (तेलाभोवतीचं कवच) विरघळते आणि मग वास एकदम उसळतो. कोरडी असतानाच घमघमत असेल तर बरंचसं तेल कणांच्या बाहेरच्या अंगाला चिकटून बसलंय. संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. ते उघडं राहिलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडते आणि लिमोनीन ऑक्साइड, कार्व्होन असली मंडळी तयार होतात. तुम्हाला येतोय तो वास त्यांचा. उष्णतेने तेल जळालं असतं तर तो वास पहिल्याच दिवशी आला असता, दीड महिन्याने नाही.

आता तो अहवाल. एकूण तेल मोजताना भुकटी पाण्यात उकळतात, वाफेबरोबर तेल वर येतं, थंड होऊन मोजनळीत साचतं. उकळत्या पाण्यात भिंत विरघळून गेलेली असते, त्यामुळे आतलं आणि बाहेरचं तेल एकत्रच मोजलं जातं. आकडा बरोबर असतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. मी ज्या प्रयोगशाळेत नमुने देत होतो (नाव घेत नाही) तिथे हे कुणी सांगितलं नाही. दर वेळी 'समाधानकारक' असा शिक्का, आणि दर वेळी माल परत. शेवटी मी स्वतःच पृष्ठभागावरचं तेल वेगळं मोजून मागितलं. आकडा आला तो जवळजवळ एकूण तेलाइतका! म्हणजे कोंडलं गेलंच नाही काही, असा अर्थ निघत होता. त्या आकड्यावर विसंबून भिंतीचा सगळा फॉर्म्युला मोडीत काढायची वेळ आली होती. पद्धत लेखी मागितली तर उत्तर मिळालं की ती अंतर्गत आहे, ग्राहकाला देत नाही. फार पाठपुरावा केल्यावर तिथल्या एका तंत्रज्ञाने सांगितलं की नमुना 'एकजीव' करण्यासाठी ते आधी तो खलात घोटतात. सगळ्याच नमुन्यांचा तसा नियम होता. कण फुटला की आतलं तेलही बाहेर, मग मोजता काय? इतका काळ आणि इतका माल ज्यात वाया गेला तो हा एक खल. अजूनही आठवलं की संताप होतो, कारण पद्धत पहिल्याच दिवशी दाखवली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

म्हणून माझं ठाम मत: पद्धत दाखवायला नकार देणाऱ्या ठिकाणी नमुना देऊच नका, शिक्का कितीही मोठा असो. नमुना देताना लेखी लिहा की भुकटी घोटायची नाही, चाळायची नाही. वजन केलेली भुकटी हेक्झेनमध्ये (तेल विरघळवणाऱ्या, चटकन उडणाऱ्या द्रवात) थोडा वेळ हलक्या हाताने हलवायची आणि गाळायची. साखर-स्टार्चच्या जातीच्या भिंतीला हेक्झेन विरघळवत नाही, त्यामुळे फक्त बाहेरचं तेल निघतं. पुढे हेक्झेन उडवून उरलेल्याचं वजन करू देऊ नका, लिंबूवर्गीय तेलाचा काही भाग त्याच्याबरोबर उडून जातो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. तो गाळलेला द्रव गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या.

तापमान पुन्हा १८० च्या आसपास न्या. हे ऐकायला उलटं वाटतं, पण इनलेटची हवा १८० अंशांची असली तरी थेंबातून पाणी उडत असेपर्यंत थेंब स्वतः ४५ ते ५० अंशांच्या आसपासच राहतो. थेंबावर जितक्या लवकर साय धरेल तितकं बरं, कारण ती धरली की पाण्याचे छोटे रेणू तिच्यातून निसटत राहतात आणि वासाचे मोठे रेणू आत अडकतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या थायसेन आणि रुल्केन्स या संशोधकांनी हे १९६८ सालीच मांडलं होतं. हवा थंड केलीत की साय उशिरा धरते, तोवर वास निघून जातो. शिवाय आउटलेटचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचं, तापमानही उतरतं, भुकटीत ओल जास्त राहते, आणि ओलीने भिंतीचा काचेसारखा कडकपणा मऊ पडतो. गुठळ्या त्याच्याच. अर्थात २१० च्या वर मी जाणार नाही, कण फुगून तडकतात आणि मग पुन्हा तेल बाहेर.

पण मूळ दुखणं बहुतेक ड्रायरच्या आधीचं आहे. तुमच्या मिश्रणात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) भरपूर आणि गम अरेबिक (बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक) नावापुरता दिसतो. माल्टोडेक्स्ट्रिन भिंत म्हणून उत्तम, ऑक्सिजन अडवायलाही चांगलं, पण तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायची ताकद त्यात जवळपास नाही. ते काम गम अरेबिकचं किंवा त्यासाठी बनवलेल्या मॉडिफाइड स्टार्चचं. इमल्शनमधला (तेल-पाण्याच्या एकजीव मिश्रणातला) तेलाचा थेंब एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास आला पाहिजे. मोठे थेंब नोझलमध्ये (फवारणीच्या तोंडाशी) फाटतात आणि फाटलेलं तेल थेट कणाच्या अंगावर येतं. इमल्शन काचेच्या नळीत तासभर उभं ठेवून पाहा, वर तेलाचा पिवळसर कडा दिसला तर ड्रायरला हात लावायची गरजच नाही, आधी ते दुरुस्त करा. तेल एकूण घन पदार्थाच्या २० टक्क्यांवर नेऊ नका, आणि द्रावण पंपाला झेपेल तितकं दाट ठेवा. पातळ द्रावण म्हणजे उडवायला जास्त पाणी, साय उशिरा, वास कमी. गम अरेबिक ३०–३५ टक्क्यांच्या पुढे फार दाट होतो, तिथे मॉडिफाइड स्टार्च कामी येतं.

कुणी ना कुणी तुम्हाला फ्रीझ ड्रायिंगचा (गोठवून वाळवण्याचा) सल्ला देईलच. माझ्या मते या तेलासाठी तो उपाय नाही. थंडीत वाळतं हे खरं, पण तयार होणारा पदार्थ स्पंजसारखा सच्छिद्र असतो, हवा आत शिरायला मोकळी. फळांच्या तुकड्यांना ते छान, तेलाला नाही. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारा, आत पोकळी असलेला पदार्थ) रेणू-रेणू पकडून ठेवतं आणि टिकतंही, पण २५ अंशांना १०० मिली पाण्यात २ ग्रॅमसुद्धा विरघळत नाही, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर जीव नकोसा होतो.

माझा अनुभव लिंबूवर्गीय तेलांपुरता आहे, मसाल्यांच्या ऑलिओरेझिनला (दाट अर्कांना) यातलं सगळंच लागू पडेल असं समजू नका. तुमची यंत्रंही वेगळी असतील, आकडे जसेच्या तसे उचलू नका. एक आनुषंगिक गोष्ट: प्रत्येक घाणीचा थोडा नमुना हवाबंद करून फ्रीझरमध्ये आणि तेवढाच ४० अंशांच्या कपाटात ठेवा. दर आठवड्याला दोन्ही पाण्यात विरघळवून शेजारी-शेजारी हुंगा. बिघाड गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला कळेल, आणि तोही फुकटात.

होमोजिनायझर (तेलाचे थेंब दाबाने बारीक करणारं यंत्र) किती दाबावर चालवता आणि इमल्शन झाल्यापासून फवारणी होईपर्यंत किती वेळ जातो, हे तेवढं लिहा. ते कळल्याशिवाय पुढचं सांगणं अंदाजपंचे होईल.