डिवोर्स झाला, मग सिटिझनशिप तीन वर्षांनी की पाच?

प्रश्न: नमस्कार ताई, मी २०१९ ला अमेरिकेत शिकायला आले, २०२० मध्ये इथेच लग्न झालं, नवरा मराठीच पण यूएस सिटिझन. १२ जून २०२१ ला दोन वर्षांचं ग्रीन कार्ड मिळालं. एप्रिल २०२३ मध्ये आम्ही दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे दोन वर्षांचं कार्ड पक्कं करायचा अर्ज, भरला, ऑगस्टमध्ये तो घर सोडून गेला, फेब्रुवारी २०२४ मध्ये डिवोर्स फायनल. मग वकिलाने तो अर्ज वेव्हरवर, म्हणजे माझ्या एकटीच्या नावावर करून घेतला आणि २०२५ मध्ये दहा वर्षांचं कार्ड हातात आलं. मधे आई आजारी म्हणून ५ मार्च ते १८ ऑक्टोबर २०२४ भारतात होते. आता एक मैत्रीण म्हणते तुझं कार्ड लग्नावरचं, तीन वर्षं कधीच झाली, भरून टाक अर्ज. दुसरी म्हणते नवीन कार्ड आलं तिथपासून पाच वर्षं मोज. आणि माजी सासूबाईंनी कोणाजवळ तरी म्हटलं की आमच्या मुलामुळे मिळालेलं कार्ड आहे, ते परतच करावं लागेल तिला. कोणाचं खरं?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: तिघींपैकी कोणाचंच नाही. सासूबाईंचं आधी निकालात काढू. कार्ड तुमचं आहे, त्यांच्या मुलाचं नाही, आणि वेव्हर पास झाला याचा अर्थच हा की लग्न खरं होतं हे सरकारने कागद बघून मान्य केलंय. गंमत म्हणजे तुमच्या ग्रीन कार्डासाठी नवऱ्याने जो आय-८६४ सही करून दिला, म्हणजे हिचा खर्चाचा भार सरकारवर पडू देणार नाही ही हमी, ती डिवोर्सने संपत नाही. तुम्ही सिटिझन झालात किंवा कामाचे ४० क्वार्टर, म्हणजे साधारण दहा वर्षं, तुमच्या खात्यात जमले की मग ती संपते. म्हणजे तुम्ही सिटिझन झालात तर सुटका त्यांच्या लेकाची होणार आहे, हे पाहिजे तर कळवा त्यांना कोणाजवळ तरी.

आता तीन की पाच. तीन वर्षांची सवलत लग्नावरची नाहीये, *चालू* लग्नावरची आहे. नवरा किंवा बायको तीन वर्षं सिटिझन पाहिजे, तीन वर्षं एकत्र संसार पाहिजे आणि लग्न शपथेच्या दिवसापर्यंत टिकलेलं पाहिजे. तुमचा नवरा ऑगस्ट २०२३ मध्येच गेला, तेव्हा कार्डाला सव्वादोन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे ती वाट तिथेच बंद झाली. याला एकच अपवाद आहे, सिटिझन जोडीदाराने मारहाण किंवा छळ केला म्हणून त्या खास तरतुदीतून ज्यांना ग्रीन कार्ड मिळालं किंवा त्याच कारणावर वेव्हर मिळाला, त्यांना डिवोर्सनंतरही तीन वर्षांवर भरता येतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण वाचणाऱ्यांत कोणी असेल तर वकिलाला हे आवर्जून विचारा, बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

म्हणजे तुमची पाच वर्षं. ती मोजायची कुठून, तर कार्ड हातात घ्या आणि पुढच्या बाजूला 'रेसिडंट सिन्स' लिहिलंय तिथली तारीख बघा. कार्ड नवीन असलं तरी तिथे १२ जून २०२१ च असेल, कारण दोन वर्षांच्या कार्डाचा काळ पूर्ण धरला जातो. मी वकिलांच्या ऑफिसात फाइली लावण्यात अर्धा जन्म घालवलाय आणि कार्ड छापल्याची तारीख धरून उगाच दोन-तीन वर्षं थांबलेले लोक इतके बघितलेत की आता समोर बसलेल्याला मी पहिलं वाक्य हेच बोलते, कार्ड काढा, तारीख वाचून दाखवा.

तर पाच वर्षं १२ जून २०२६ ला, आणि एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, त्याच्या ९० दिवस आधी भरता येतो, म्हणजे १४ मार्च २०२६ पासून. दिवस बोटावर मोजू नका, यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर कॅल्क्युलेटर आहे. एक दिवस जरी आधी भरला तरी अर्ज नाकारतात, फी जाते ती वेगळीच, म्हणून मी तर म्हणेन वर आठवडाभर जाऊ द्या. पाच वर्षांत ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत, त्याची तुम्हाला काळजी नाही. ज्या राज्यातून भरताय तिथे मात्र तीन महिने राहिलेलं पाहिजे, डिवोर्सनंतर घर बदललं असेल तर हे तपासा.

तुमच्या फाइलीत खरा खडा आहे तो भारतातला मुक्काम. मोजला तर २२७ दिवस भरतात. सहा महिन्यांवर बाहेर राहिलं की सरकार धरून चालतं की तुमचा इथला सलग वास तुटला, आणि तुटला नाही हे दाखवणं तुमच्यावर. (वर्षभर किंवा जास्त राहिला असतात तर पटवून द्यायला जागाच नव्हती, परत आल्यावर चार वर्षं आणि एक दिवस थांबावं लागलं असतं.) तर कागद जमवा. नोकरी सोडली नव्हती, रजेवर होतात, तर एचआरचं पत्र. अपार्टमेंटचं लीज आणि त्या सात-साडेसात महिन्यांचं भाडं भरल्याची बँक स्टेटमेंट्स, गाडीचा इन्शुरन्स, २०२४ चा टॅक्स रेसिडंट म्हणून भरल्याचं आयआरएसचं ट्रान्स्क्रिप्ट. आईच्या हॉस्पिटलचे कागद ठेवाच, पण नुसत्या त्यांच्यावर भागत नाही, कारण ऑफिसरला बघायचं असतं की घर आणि नोकरी कुठे होती, जावं का लागलं हे त्याच्या दृष्टीने नंतर. भाडेकरू ठेवून किंवा घर सोडून गेला असाल किंवा भारतात नोकरी धरली असेल तर मात्र भरायच्या आधी वकिलाकडे जाच. आणि फॉर्मवर २४ तासांवरची प्रत्येक ट्रिप लिहायची असते, कॅनडाचा वीकेंडसुद्धा, पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून लिहा.

डिवोर्सची डिक्री कोर्टाच्या शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी पाहिजे, फोनमधला फोटो नाही. त्यात माहेरचं नाव परत घेतल्याचं लिहिलंय का तेही बघा, नसेल तर एन-४०० मध्येच नाव बदलायचं मागता येतं, पण मग शपथ कोर्टात न्यायाधीशासमोर घ्यावी लागते, त्याला थोडा वेळ लागू शकतो. पाच वर्षांवर भरताय म्हणून नवऱ्याचा विषयच निघणार नाही असं समजू नका, ऑफिसर पूर्ण फाइल उघडतो, ग्रीन कार्ड रीतसर मिळालं होतं का हे त्याला बघायचंच असतं, म्हणून आय-७५१ ला लावलेलं जॉइंट अकाउंट, लीज, फोटो वगैरे गठ्ठा रागाच्या भरात टाकला नसेल अशी आशा करते.

फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. उत्पन्न कमी असेल तर सवलतीची फी ३८० आहे, आणि त्यात आता एक्सचा पगार धरला जात नाही. सिव्हिक्सची, म्हणजे अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार यांची, टेस्ट २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी आहे, १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर यायला लागतात.

प्रश्न: बायको सिटिझन आहे, मी तीन वर्षांच्या नियमाने एन-४०० भरला. भरल्यानंतर दोन महिन्यांनी ती बहिणीकडे राहायला गेली, अजून डिवोर्स नाही. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे. मित्र म्हणतो पत्ता एकच आहे, गप्प बस, सिटिझनशिप घे आणि मग काय ते कर.
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर: मित्राला सांगा इंटरव्ह्यू तू दे. तिथे उजवा हात वर करून शपथेवर बोलायचं असतं, आणि शपथेवर खोटं बोललं की चांगल्या वर्तणुकीचा मुद्दाच जातो, मग पाच वर्षांवरही अडतं, पुढे कधी उघड झालं तर मिळालेली सिटिझनशिपही काढून घेता येते. बरं, इंटरव्ह्यू निभावला तरी शपथविधीच्या बोलावण्याचा एन-४४५ नावाचा कागद असतो, तो त्या दिवशी भरून द्यायचा, त्यावर पहिलाच प्रश्न असतो की इंटरव्ह्यूनंतर लग्न, वैधव्य, विभक्त होणं, डिवोर्स यातलं काही झालं का. डिवोर्स शपथेच्या आधी फायनल झाला तर तीन वर्षांची वाट संपलीच. नुसते वेगळे राहताय तर ऑफिसर परिस्थिती बघून ठरवतो, ती भांडून चार आठवडे गेली की कायमची, हा फरक पडतो. खरं काय ते तुम्हालाच माहीत. संसार संपलाच असेल तर अर्ज मागे घ्या आणि पाच वर्षांवर पुन्हा भरा. फी परत मिळत नाही, मला कळतंय ते, पण सातशे डॉलर वाचवायला अख्खी फाइल कशाला डागाळून घ्यायची. आणि पुढे मुलांची किंवा बायकोची पोटगी कोर्टाने लावली तर एकही हप्ता चुकवू नका, भरल्याच्या पावत्या तेव्हाच्या इंटरव्ह्यूला लागतात.

प्रश्न: माझं ग्रीन कार्ड नवऱ्याच्या नोकरीतून, ईबी-२ मधून आलं, तो सिटिझन नाही. डिवोर्स टेक्सासच्या कोर्टात झाला, लग्न मात्र पुण्यात झालेलं. आता सिटिझनशिपसाठी भारतात पुन्हा डिवोर्स घ्यावा लागेल का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: नाही. डिवोर्स कार्ड मिळाल्यानंतरचा असेल तर तुमच्या पाच वर्षांवर त्याचा काही परिणाम नाही, तुम्हाला तीन वर्षांची सवलत कधी नव्हतीच त्यामुळे गमवायलाही काही नाही. टेक्सासची डिक्री तिथल्या कायद्याने पक्की असली की यूएससीआयएसला पुरते, लग्न पुण्यात झालं का पंढरपुरात, त्यांना घेणंदेणं नाही.

भारताचं गणित वेगळं. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात सांगितलंय की हिंदू पद्धतीने झालेल्या लग्नाचा परदेशी डिवोर्स असाच मानला जाणार नाही, त्यासाठी डिवोर्सचं कारण आपल्या कायद्यात बसणारं हवं आणि समोरच्याने तिथे खरोखर हजर राहून बाजू मांडलेली हवी, नाहीतर डिवोर्सला त्याची संमती तरी हवी. दोघांनी मिळून सह्या केल्या असतील तर फारसं अडू नये. पण त्याने एकट्याने केस टाकली आणि तुम्ही गेलाच नाहीत असं असेल, तर भारतात दुसरं लग्न करायच्या आधी तिथल्या एखाद्या वकिलाकडून ती डिक्री नीट वाचून घ्या.