जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसला कुठलं पेट्रोल टाकावं: साधं, ९५ की १००?

तुम्ही लिहिलंय की २००५ ची व्हीआरएस दुसऱ्या मालकाकडून घेतली, वापर सांगलीत, अधूनमधून पुणे. चढाला दाबली की बारीक टिकटिक येते आणि पिकअप मेल्यासारखा वाटतो. मित्र म्हणतो १०० ऑक्टेनच टाक, मेकॅनिक म्हणतो साधं चालतंय, कशाला पैसे घालवता. साताऱ्यात माझं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांचं गॅरेज आहे आणि असल्या जुन्या टर्बो गाड्या कायम येत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. गाडी कंपनीच्या मूळ ट्यूनवर असेल, तर तिला ९५ पुरतं. १०० टाकल्याने नुकसान काही नाही, पण त्या टिकटिकीचं मूळ कारण तसंच राहील.

पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण उघडा, आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावरचा ऑक्टेन आकडा हा आरओएन (ऑक्टेन मोजायची एक पद्धत) चा, आपल्या पंपावरही तीच पद्धत. व्हिडिओ बघून गोंधळू नका. अमेरिकेत आरओएन आणि एमओएन (जास्त कडक चाचणीची दुसरी पद्धत) यांची सरासरी लिहितात, त्यामुळे तिकडचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६ आणि तिकडचं ८७ म्हणजे आपलं ९१-९२. अमेरिकेतला एखादा मालक ‘मी ९१ वर चालवतो’ म्हणाला, तर तो तुमच्यापेक्षा हलकं पेट्रोल टाकत नसतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉकिंग सहन करायची तयारी. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, पिस्टन ती आणखी साडेनऊ पट दाबतो, प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत पसरायला लागते. ती पोचायच्या आतच लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपणहून पेटलं की नॉक. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल असं लवकर पेटत नाही, एवढाच त्याचा गुण. तुमच्या १.८ टर्बो इंजिनाच्या ब्लॉकवर दोन नॉक सेन्सर आहेत. नॉक ऐकू आला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या सिलिंडरचं टायमिंग (ठिणगी टाकायची वेळ) मागे घेतो. इंजिन वाचतं, पण पिकअप जातो. म्हणजे १०० टाकून गाडी पळायला लागली, तर नवी ताकद आलेली नसते, ईसीयूने अडवून धरलेली सुटलेली असते. आणि त्याने टायमिंग मागे घेतलेलंच नसेल, तर मूळ ट्यूनच्या गाडीला १०० ने काहीही फरक पडत नाही. ऑक्टेनमुळे अ‍ॅव्हरेजलाही नाही.

आता मेकॅनिकच्या बोलण्याकडे. साधं चालतं हे त्याचं बरोबर, पण ‘पूर्वीपासून चालत आलंय’ हे त्याचं कारण नसावं. तुमची गाडी नवी होती तेव्हा साधं पेट्रोल ८८ ऑक्टेनचं असायचं. पुढे ते ९१ झालं. आता २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर साधं पेट्रोल ९५ च्या घरात गेलंय, हे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. त्याच वेळी दिलेला आकडा असा, की इथेनॉलचं ऑक्टेन १०८.५ आणि ज्यात ते मिसळतात त्या पेट्रोलचं ८४.४. म्हणजे ऑक्टेनचा प्रश्न पंपावरच बऱ्यापैकी सुटलाय, आणि तो सोडवण्यात आपल्याकडच्या मळीचा आणि उसाच्या रसाचाही वाटा आहे. सांगलीच्या माणसाने इथेनॉलला नावं ठेवायची म्हणजे घरच्याच उसाला ठेवल्यासारखं, पण २००५ च्या गाडीचा विचार करताना ती ठेवावी लागतात.

कारण त्या वेळच्या इंधनाच्या नळ्या आणि ओ-रिंग २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या. रबर फुगतं, मग कडक होऊन चिरतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि गाडीखालच्या फिल्टरमध्ये येऊन अडकतो. दुसरं म्हणजे इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, शिवाय जळायला हवाही कमी लागते. त्यामुळे तेवढ्याच हवेला ईसीयूला शुद्ध पेट्रोलच्या मानाने आठेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. निरोगी गाडी हे सांभाळून घेते. पण वीस वर्षांच्या व्हीआरएसमध्ये व्हॅक्यूमच्या नळ्या कुठे ना कुठे चिरलेल्या असतातच. तिथून शिरणाऱ्या हवेसाठी पाचेक टक्के आधीच वाढवलेले, त्यावर हे आठ. मग मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) झाल्याचा कोड येतो, दिवा लागतो आणि मालक म्हणतो पंपावर भेसळ आहे. पातळ मिश्रण लोडवर नॉकही लवकर करतं. म्हणजे पेट्रोलचं ऑक्टेन पुरेसं असूनही टिकटिक येऊ शकते.

पावसाळ्यात गाडी उभी राहत असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. वर उरतं ते इथेनॉल गेलेलं पेट्रोल. त्याचं ऑक्टेन पंपावर भरलं तेव्हाचं राहत नाही.

‘प्रीमियम’ लिहिलंय म्हणून त्यात इथेनॉल नाही असं नसतं, त्यामुळे पंपावरच्या पोराच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः तपासा. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून १०० मिलीचं बूच असलेलं काचेचं मोजपात्र आणा. आधी १० मिली पाणी, मग ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, हळूच बूच सैल करून वाफ सोडा आणि दहा मिनिटं उभं ठेवा. खालचा थर पाण्याचा. रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही, २८ च्या आसपास चढली तर २० टक्के आहे. पात्रात थोडं खाण्याचा रंग घातलेलं पाणी घेतलं तर रेघ लांबूनही दिसते. हे मोकळ्या हवेत करा, आणि जवळ कुणी विडी ओढत नाही ना ते बघा. पंपावर मागितल्यावर मिळणारी फिल्टर पेपरची चाचणी भेसळीसाठी आहे, इथेनॉल त्यात कळत नाही.

आता तुमची टिकटिक. थंड इंजिन चालू केल्या केल्या येत असेल आणि गरम झाल्यावर जात असेल, तर ती नॉकिंग नाही. टॅपेट किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट बघायला लावा. गरम इंजिनावर, लोडमध्येच येत असेल, तर अंदाज करत बसू नका, स्कॅनर लावा. या इंजिनात मेझरिंग ब्लॉक (स्कॅनरवर दिसणारा आकड्यांचा गट) ०२० मध्ये चारही सिलिंडरचं मागे घेतलेलं टायमिंग अंशांत दिसतं. पेठ नाक्याहून हायवेला लागल्यावर, रस्ता मोकळा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारापासून पूर्ण दाबा, शेजारी बसणाऱ्याने आकडे नोंदवायचे. माझा हिशोब असा: चारही सिलिंडर तीन अंशांच्या आत असतील तर पेट्रोलवर एक पैसा जास्त घालवू नका. चारही सहाच्या पुढे असतील तर पेट्रोल, आत येणाऱ्या हवेची उष्णता किंवा पातळ मिश्रण. एकच सिलिंडर वर असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, इंजेक्टर किंवा कार्बन. लगेच ब्लॉक ०३२ बघा, मिश्रणाची दुरुस्ती दहा टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर आधी हवेची गळती शोधा.

उष्णतेचं सांगतो, कारण सांगलीत तेच जास्त सापडतं. या गाडीचा मूळ इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणारी जाळी) छोटा, बंपरच्या एका कोपऱ्यात, चाकापुढे. त्याच्या जाळीत माती आणि उसाचं पाचट अडकून अर्धी जाळी बंद झालेली मी पाहिलीय. एप्रिलमध्ये टिकटिक येते आणि पसरणी घाट चढून पाचगणीला गेलं की थांबते, असं होत असेल तर आधी बंपर काढून ती जाळी धुवा. गळीत हंगामात आणखी एक: उसाच्या डबल ट्रॉलीमागे चौथ्या गिअरमध्ये पंधराशेवर रखडायचं आणि जागा दिसली की तसंच दाबायचं, याने कुठलंही टर्बो इंजिन नॉक करतं. दोन गिअर खाली घ्या.

पैशांचं बोलायचं तर १०० ऑक्टेनसाठी लिटरमागे पन्नास रुपयांहून जास्त मोजावे लागतात. ५५ लिटरच्या टाकीला पावणेतीन हजारांचा फरक. तीन-चार टाक्यांच्या या फरकात इंधनाचा फिल्टर, चार प्लग आणि इंजिनजवळच्या रबरी नळ्या बदलून होतील. नळ्या घेताना त्यावर ‘एसएई जे३० आर९’ छापलंय का बघा, ती इथेनॉलला टिकते. प्लगला वीज देणाऱ्या कॉइलकडेही बघा, या इंजिनाच्या कॉइल जायला कुप्रसिद्ध आहेत, आणि मिसिंगला (ठिणगी चुकून सिलिंडर न पेटणं) लोक नॉकिंग समजतात.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या घेऊ नका. ‘३० पॉइंट’ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ते ३ ऑक्टेन असतात, कारण त्यांचा एक पॉइंट म्हणजे ०.१. मँगेनीज किंवा लोहाच्या संयुगांवर बनवलेल्या बाटलीने प्लगच्या टोकावर विटकरी थर बसतो, तो तुम्ही प्लग काढल्यावर ओळखाल.

रीमॅप केलेली, म्हणजे ईसीयूतला कंपनीचा प्रोग्राम (मॅप) बदललेली गाडी हा वेगळा विषय. आधीच्या मालकाने मॅप टाकलाय का ते आधी विचारून घ्या, कारण तो ९८-१०० साठी लिहिलेला असेल तर तुमचा मित्रच बरोबर. तेव्हा १०० घालाच, किंवा अर्धं ९५ आणि अर्धं १०० मिसळून साधारण साडेसत्त्याण्णव मिळेल. पण १०० ऑक्टेन २०२० च्या डिसेंबरात पुणे-मुंबईसारख्या शहरांत आलं, आणि जत-आटपाडीकडे गेल्यावर टाकी संपली तर समोर असेल ते भरावं लागेल. घराजवळ जे पेट्रोल रोज मिळतं त्यासाठीच मॅप लिहून घ्यावा, असं माझं मत.

ब्लॉक ०२० आणि ०३२ चे आकडे आणि कुठल्या पंपाचं, कुठल्या प्रकारचं पेट्रोल होतं एवढं इथे टाका, मग पुढचं नेमकं सांगता येईल.