आकाशात ‘गूढ प्रकाश’ दिसल्याच्या बातम्यांवर कितपत विश्वास ठेवावा? पत्रकारांना विज्ञान कळत नाही म्हणून त्या तशा येतात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. साक्षीदारावर विश्वास ठेवा, मथळ्यावर ठेवू नका. लोकांना आकाशात काहीतरी दिसलेलं असतं, हे जवळजवळ नेहमीच खरं असतं.

दुसरा प्रश्न मात्र झोंबला. वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानं लावायच्या कामात, आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाक्य नवीन नाही. बऱ्याच पत्रकारांना विज्ञान कळत नाही, हे कबूल. पण ही बातमी त्यामुळे बिघडत नाही. ती बिघडते रात्री आठ ते साडेअकराच्या दरम्यान, पानं सोडायच्या घाईत, आणि त्यात भौतिकशास्त्राचा संबंध फार थोडा असतो.

हवेत बोलण्यापेक्षा २ एप्रिल २०२२ घ्या. गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांतून लोकांनी आकाशात जळत जाणारे तुकडे पाहिले. एकामागे एक, एकाच रेषेत, सावकाश. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं सापडलं, आणि नंतर परिसरात एक धातूचा गोळाही.

अशी घटना घडते तेव्हा पेपरच्या कचेरीत काय होतं ते सांगतो. प्रत्येक जिल्ह्याची आवृत्ती वेगळी, वार्ताहर वेगळा, पान लावणारा वेगळा. जळगावचा वार्ताहर जळगावच्या आकाशाची बातमी पाठवतो, नागपूरचा नागपूरच्या. दोघांच्या बातम्यांत ‘गावाबाहेरच्या टेकडीमागे काहीतरी पडलं’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आता हिशोब बघा. कक्षेतून खाली येणारी वस्तू साधारण ८० किलोमीटर उंचीवर तुटते. त्या उंचीवरची वस्तू जमिनीवरून तब्बल हजार किलोमीटरवरूनही क्षितिजाला टेकलेली दिसू शकते. तीनशे किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ती क्षितिजापासून फक्त १३-१४ अंश वर दिसते, म्हणजे टेकडीच्या अगदी डोक्यावर. तो खोटं बोलत नसतो. पण जळगाव ते चंद्रपूर सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आहे, आणि दोन्हीकडच्या बातम्या एकमेकींशेजारी ठेवून पाहणारं माणूस त्या वेळी कुणीच नसतं. एका वस्तूच्या पाच ‘गूढ वस्तू’ होतात त्या अशा.

त्या रात्री पहिला अंदाज निघाला उल्केचा. तो फेटाळायला खगोलशास्त्राची पदवी लागत नव्हती, ‘किती वेळ दिसलं?’ एवढं विचारणं पुरेसं होतं. उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते, मोठा अग्निगोल फार तर थोडा जास्त टिकतो. सेकंदाला सात-आठ किलोमीटरने जाणारा अवकाश कचरा सहाशे किलोमीटरचं आकाश ओलांडायला सव्वा ते दीड मिनिट घेतो. लोकांनी खिशातून मोबाइल काढला, कॅमेरा चालू केला आणि व्हिडिओ घेतला, एवढ्यावरूनच उल्का बाद व्हायला हवी होती.

दुसरा अंदाज जास्त हुशार होता, म्हणून जास्त फसवा. त्याच संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नावाचं रॉकेट उडालं होतं. वेळ जुळली, म्हणून ‘त्याचाच बूस्टर असावा’ असं छापून आलं. पण त्या रॉकेटचा पहिला टप्पा न्यूझीलंडजवळच्या समुद्रात पडतो, तो विदर्भात कशाला येईल? वेळ जुळणं पुरेसं नसतं, मार्गही जुळावा लागतो. मार्ग जुळवून पाहिला तो जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने: फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, जो नेमका त्याच सुमारास वातावरणात शिरणं अपेक्षित होतं. गोळ्याचंही कोडं नव्हतं. रॉकेटमध्ये दाबाखाली वायू साठवायला गोल टाक्या असतात. त्या पोकळ आणि हलक्या असल्याने लवकर वेग गमावतात, शिवाय त्यांचं साहित्य सहजी वितळत नाही, म्हणून बाकी सगळं जळून गेलं तरी गोळे जमिनीवर पोचतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य अशा बातम्यांत शेवटच्या परिच्छेदातही नसतं: हात लावू नका. अशा अवशेषांत हायड्राझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. कड्याभोवती उभ्या असलेल्या गर्दीचा फोटो चार कॉलमी जातो आणि ही ओळ जागेअभावी उडते. माझं स्पष्ट मत आहे, ही ओळ इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात हवी, ‘एकच खळबळ उडाली’ नंतर गेली तरी चालेल.

उलटा प्रकारही होतो, दोन घटनांची एक बातमी. १३ मार्च १९९७ ला अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सच्या आकाशात दिवे दिसले ते प्रकरण बहुतेकांनी ऐकलं असेल. साडेआठच्या आसपास दिव्यांची एक रांग ‘व्ही’ आकारात राज्यावरून सरकत गेली. दहाच्या सुमारास शहराच्या एका बाजूला काही दिवे जागीच तरंगताना दिसले आणि एकेक करून विझले. दुसरे दिवे म्हणजे ए-१० लढाऊ विमानांनी सरावात सोडलेले फ्लेअर होते, म्हणजे पॅराशूटला लटकून जळत खाली येणारे दिवे. ते खाली येताना डोंगररांगेआड गेले म्हणून एकेक करून विझले. पण बातम्यांत दोन्ही मिळून एकच महाकाय यान झालं. व्हिडिओ दहाचा, वर्णन साडेआठचं. मग फ्लेअरचा खुलासा आला की लोक म्हणतात ‘फ्लेअर कसे सरकतील?’ बरोबरच आहे, सरकले ते वेगळे होते.

म्हणून वेळ मिनिटापर्यंत लिहायची. ‘रात्री उशिरा’ ही वेळ नव्हे. त्यानंतर दिशा: कुठे उगवलं, कुठे मावळलं. मग उंची, मीटरमध्ये अजिबात नको, अंशांत हवी. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण १० अंश झाकते, करंगळी १ अंश. पूर्ण चंद्र फक्त अर्धा अंश असतो, हे बहुतेकांना खोटं वाटतं. माणूस ही उंची वाढवून सांगतो, ४५ अंशांवरची गोष्ट सर्रास ‘डोक्यावर’ होते, त्यामुळे साक्षीदाराला त्याच जागी उभं करून मुठी मोजायला लावायच्या. आणि शेवटी कालावधी. हा एकच आकडा अर्ध्याहून जास्त प्रकरणं निकालात काढतो. तासभर एकाच भागात राहून हळूहळू पश्चिमेला खाली गेला तर शुक्र. न लुकलुकता तीन ते सहा मिनिटांत आकाश ओलांडून मध्येच अंधारात विरला तर अवकाश स्थानक. मण्यांच्या माळेसारखी रांग, संधिप्रकाशानंतर किंवा पहाटे, तर इंटरनेट पुरवणारे स्टारलिंक उपग्रह. मे २०१९ मध्ये पहिले ६० उपग्रह एकदम सोडले तेव्हापासून ही माळ जगभरच्या बातम्यांत दर काही महिन्यांनी ‘गूढ’ म्हणून येते. नारिंगी, वाऱ्याच्या दिशेने जाणारा आणि विझणारा असेल तर आकाशकंदील.

अंतर आणि आकार मात्र विचारूच नका, आणि कुणी सांगितलं तर छापू नका. अनोळखी वस्तूचं अंतर डोळ्यांना कळत नाही, आणि अंतर चुकलं की आकार आणि वेग दोन्ही चुकतात. उडत्या तबकड्यांच्या या सगळ्या प्रकाराची सुरुवात ज्याच्यापासून धरतात तो अमेरिकी वैमानिक केनेथ अर्नोल्ड खरंतर चांगला साक्षीदार होता. २४ जून १९४७ ला दिसलेल्या वस्तूंना दोन डोंगरांमधलं अंतर कापायला किती वेळ लागतो ते त्याने घड्याळ लावून मोजलं: माउंट रेनियर ते माउंट ॲडम्स, १ मिनिट ४२ सेकंद. त्यावरून निघालेला वेग त्यालाच जास्त वाटला म्हणून त्याने ताशी १२०० मैल असा कमी करून सांगितला. पेपरांनी १२०० चा आकडा उचलला. वस्तू त्या डोंगरांइतक्याच दूर होत्या हे गृहीतक ज्यावर तो आकडा उभा होता, ते मागेच राहिलं.

‘इतके लोक खोटं बोलतील का?’ असं विचारणाऱ्यांसाठी ३ मार्च १९६८. सोव्हिएत झोंड-४ हे अवकाशयान सोडणाऱ्या रॉकेटचे अवशेष अमेरिकेवरून जळत गेले. काही साक्षीदारांनी सिगारच्या आकाराचं, चौकोनी खिडक्यांतून उजेड येणारं यान पाहिल्याचं लिहून दिलं. यान नव्हतंच, नुसते सुटे तुकडे. मधला अंधार भरून काढून त्यांना एका यानात बसवलं ते मेंदूने. त्यामुळे साक्षीदाराचं वाक्य घ्यायचं ते ‘पाच दिवे, एका रेषेत’ असं. ‘पाच खिडक्यांचं यान’ असं नव्हे. वार्ताहराने प्रश्न ‘यान कसं होतं?’ असा विचारला तर उत्तर यानाचंच येणार.

मोबाइलच्या व्हिडिओबद्दल थोडक्यात. रात्री ऑटोफोकस चुकतो आणि प्रकाशाचा ठिपका फुगून तबकडी होतो. डिजिटल झूम लावला की ती तबकडी फिरायला आणि रंग बदलायला लागते. फ्रेममध्ये कुठेही दिवा दिसत असेल तर दिव्यापासून फ्रेमच्या मध्यातून रेघ ओढा. ‘यान’ बरोब्बर समोरच्या बाजूला त्या रेघेवर असेल तर ते भिंगातलं प्रतिबिंब आहे. व्हिडिओत झाड, खांब, छप्पर असं काही स्थिर नसेल तर वस्तू हलली की हात हलला हे ठरवताच येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये न्यू जर्सी आणि आसपास ‘ड्रोन’चं वेड लागलं होतं, तेव्हा मेरीलँडच्या माजी गव्हर्नरांनी आपल्या घरावरच्या ड्रोनचा व्हिडिओ टाकला. ते मृग नक्षत्र होतं. एवढ्या वरच्या माणसाचं नाव आलं की डेस्कवर कुणी आकाशाचा नकाशा उघडून बघत नाही.

तज्ज्ञांचंही तेच. रात्री नऊला प्राध्यापकांना फोन जातो, ‘सर, आकाशात उजेड दिसला, काय असेल?’ ना वेळ, ना दिशा. ते बिचारे म्हणतात ‘उल्का असू शकते’, आणि सकाळी छापून येतं ‘ती उल्काच’. मार्च १९६६ मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ हायनेक यांनी दोन ठिकाणच्या दिव्यांसाठी दलदलीतल्या वायूची शक्यता मांडली. ती सगळ्याच घटनांना चिकटवली गेली आणि त्यांची टिंगल झाली ती वेगळीच. घाईचा खुलासा घाईच्या गूढाइतकाच वाईट, उलट जास्तच, कारण तो खोटा ठरला की लोक म्हणतात बघा, लपवताहेत.

आता मुद्द्याचं. माझ्या वरिष्ठांचं ठाम मत होतं की वाचकाला गूढच हवं असतं, खुलासा कोण वाचतो. म्हणून ‘रहस्यमय प्रकाश, नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण, उलटसुलट चर्चांना उधाण’ पान एकवर, आणि दोन दिवसांनी खुलासा आतल्या पानावर सिंगल कॉलम. हे मला कधीच पटलं नाही. चौदा महिने पृथ्वीभोवती फिरलेला चिनी रॉकेटचा टप्पा पाडव्याच्या संध्याकाळी सिंदेवाही तालुक्यात पडतो, यापुढे कुठलं गूढ टिकणार? शिवाय त्यातून दुसऱ्या दिवसाच्या बातम्या निघतात: नुकसानभरपाई कुणी द्यायची? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर नुकसान झालं तर सोडणारा देश जबाबदार असतो. १९७८ मध्ये सोव्हिएत कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात पडला तेव्हा कॅनडाने दावा केला आणि शेवटी ३० लाख कॅनेडियन डॉलर वसूलही केले. भीतीच्या वातावरणाचा फॉलोअप मात्र काहीच निघत नाही. पहिली बातमी पहिल्या दिवशी ‘अजून ओळख पटलेली नाही’ एवढ्यावर थांबवायची आणि ओळख पटली की त्याच पानावर, तेवढ्याच जागेत द्यायची. वाचक पळून जात नाही.

सगळ्या घटनांचा खुलासा होतोच असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. अशा घटना तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकमध्ये १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या, त्यातल्या ७०१ ची ओळख पटली नाही. बातम्यांत ७०१ येतो, १२,६१८ क्वचित येतो, हे माझं म्हणणं. नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये साधारण हेच सांगितलं: परग्रहाशी जोडणारा पुरावा नाही आणि हाताशी असलेली माहिती फार कच्ची आहे. वार्ताहरांवरही मी खापर फोडत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे मिळतं ते तुटपुंजं, आणि त्याने दिलेली वेळ-दिशा जागेसाठी पहिली कापतो तो उपसंपादकच.

तुम्ही स्वतः कधी काही पाहिलंत तर पेपरला फोन करण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहा: मिनिटापर्यंत वेळ, तुम्ही कुठे उभे होतात, कुठून कुठे गेलं, किती मुठी उंच, किती सेकंद. शेजाऱ्याशी बोलायच्या आधी लिहा, नंतर दोघांच्या आठवणी एक होतात. आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइलमधली मूळ नोंद निघून जाते आणि डेस्कवर कुणाला तपासायचं असलं तरी काही उरत नाही.