अर्जेंटिनात हावियेर मिलेईंची नवखी आघाडी सत्तेत आली कशी, आणि तरी तेव्हा संसदेत इतकी लहान का होती?

मुख्यतः दुसऱ्या फेरीमुळे. तिथे पहिल्याच फेरीत अध्यक्ष व्हायला ४५ टक्के मतं लागतात, किंवा ४० टक्के आणि दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांची आघाडी; नाहीतर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ला लिबेर्ताद आवान्सा’ या आघाडीचे मिलेई जेमतेम ३० टक्क्यांवर, सर्जियो मासांच्या मागे होते. मग तिसऱ्या आलेल्या पात्रिसिया बुलरिच आणि माजी अध्यक्ष माक्री यांनी मिलेईंना पाठिंबा दिला. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या फेरीत त्यांना ५५ टक्क्यांवर मतं पडली. महागाई वर्षाला १४० टक्क्यांपुढे आणि अर्थमंत्री खुद्द मासा, त्यामुळे लोकांचा राग त्यांच्यावरच निघाला. मात्र खासदार पहिल्या फेरीच्या दिवशीच निवडले जातात, तेही कनिष्ठ सभागृहाच्या निम्म्याच जागांसाठी. म्हणून २५७ पैकी आघाडीचे चाळीससुद्धा नव्हते.