एकच पार्ट बदलला तर अडॅप्टरचं बीआयएस रजिस्ट्रेशन पुन्हा करावं लागतं का?

तुमच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधला वाय कपॅसिटर (सुरक्षेसाठी खास बनवलेला कपॅसिटर) मिळेनासा झालाय, सप्लायर 'सेम रेटिंग'चा दुसरा देतोय, आणि तो लावून आहे त्याच आर-नंबरवर (बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या रजिस्ट्रेशनचा नंबर) माल पाठवावा का, असं तुम्ही विचारलंय. पाठवू नका. रजिस्ट्रेशन पहिल्यापासून करावं लागेलच असं नाही, पण लॅबला विचारल्याशिवाय तो पार्ट लाइनवर जाता कामा नये.

लॅबने जो नमुना तपासला, त्यातल्या पार्टांसकट तुम्हाला रजिस्ट्रेशन मिळालंय. टेस्ट रिपोर्टमध्ये क्रिटिकल कॉम्पोनंटची यादी असते: फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकपलर, एक्स आणि वाय कपॅसिटर, पीसीबी, प्लास्टिकची बॉडी. प्रत्येकासमोर कंपनी, मॉडेल, रेटिंग लिहिलेलं असतं. आधी ती यादी काढून बघा. इंडिकेटरचा एलईडी सहसा त्यात नसतो. वाय कपॅसिटर असतोच.

तो मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये बसतो. शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट थेट आउटपुटच्या वायरीवर येतात, आणि ती वायर कुणाच्या तरी हातात असते. मी टेस्टिंगच्या कामात आहे. एकदा एका कारखान्याचे दोन अडॅप्टर माझ्या टेबलावर उघडे होते, दोन्हींत वाय कपॅसिटरच्या जागी तसलीच निळी गोल चकती. भिंगाखाली धरल्यावर एकीवर 'वाय१' (सुरक्षेचा वर्ग) आणि '६०३८४-१४' (अशा कपॅसिटरच्या मानकाचा क्रमांक) दिसलं. दुसरीवर फक्त '२२२, १ केव्ही'. व्हॅल्यू दोन्हींची २.२ नॅनोफॅरडच ('२२२' म्हणजे तेच). पण वाय१ कपॅसिटरला ८ केव्हीची इम्पल्स टेस्ट (क्षणभराच्या व्होल्टेजच्या झटक्याची) पास व्हावी लागते, साध्या सिरॅमिकला अशी कुठलीच अट नाही. परचेसवाल्याने फसवलं नव्हतं, त्याने फक्त व्हॅल्यू आणि व्होल्टेज जुळवलं होतं. म्हणून मला 'सेम रेटिंग' या शब्दांची भीती वाटते.

व्हॅल्यू वाढवण्याचा मोहही टाळा. २.२ नॅनोफॅरडमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला साधारण ०.१६ मिलीअँपिअर करंट आउटपुटच्या बाजूला गळतो, ४.७ लावला की ०.३४. अर्थिंग नसलेल्या अडॅप्टरला आयएस १३२५२ (भाग १) या सुरक्षेच्या भारतीय मानकात अशा गळतीची मर्यादा ०.२५ मिलीअँपिअर आहे. म्हणजे अस्सल वाय१ लावूनही नापास.

आता करायचं काय? नव्या कपॅसिटरची डेटाशीट आणि त्याचं स्वतःचं सेफ्टी सर्टिफिकेट सप्लायरकडून मागा. देत नसेल तर विषय तिथेच संपला. दिलं तर जुन्या रिपोर्टसोबत बीआयएसमान्य लॅबला पाठवा. कोणत्या टेस्ट पुन्हा लागतील ते लॅब सांगेल. तो रिपोर्ट देऊन बदल बीआयएसच्या नोंदीत आला की मगच प्रॉडक्शन. लॅबकडे जाताच आहात तर एकाऐवजी दोन-तीन मेकचे पर्याय यादीत घालून घ्या, पुढच्या टंचाईत लाइन थांबणार नाही.

सप्लायरचा लॉट आला असेल तर तोवर स्टोअरमध्ये लाल चिठ्ठी लावून वेगळा ठेवा.