अप्पांसाठी भरलेली वही

मावशी,
जूनपासून मुलीला (वय ७) आम्ही शाळेत पाठवत नाही, घरीच शिकवतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गणपती गेले, पाऊस उघडला, तेव्हापासून मी दोघांना रोज कुठेतरी नेते. कमाटीबाग, म्युझियम, पावागड, सगळं झालं. प्रत्येक ठिकाणी मुलगी वहीत चित्र काढते, पाच ओळी लिहिते, मी फोटो चिकटवते. आता ती म्हणते, "आज घरीच राहूया ना." मुलगा तर कुठेही नेलं तरी खाली बसून दगड वेचतो. सासरे रोज जेवताना तिला पाढे विचारतात आणि म्हणतात, "ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलं, तिथे आमची नातवंडं भटकतायत." सासूबाई काही बोलत नाहीत. वही तरी दाखवायला हवी ना अप्पांना? मी फार दमलेय. कुठे चुकतंय?
– एक आई, दांडिया बाजार

प्रिय दांडिया बाजारवाली,

तुझ्या पत्रात मला मुलांपेक्षा ती वहीच जास्त दिसली, आणि ती कुणासाठी भरली जातेय ते तूच लिहून गेलीस. पोरगी बागेत जाते, पण तिथे गेल्यावर अप्पांचा गृहपाठ करते. मग तिला घरीच राहावंसं वाटलं तर नवल काय? वही उद्यापासून बंद कर. तिला स्वतःहून काही काढावंसं वाटलं तर कागद आहेतच घरात.

अप्पांशी मात्र सरळ बोल, आणि नवऱ्याला शेजारी बसवून बोल. वडील त्याचे आहेत. सयाजीरावांचं अप्पा म्हणतात ते खरंच आहे. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. पण ज्या घरांत मुलाला अक्षर दिसण्याची शक्यताच नव्हती, त्या घरांसाठी ती सक्ती होती. खुद्द महाराज १८७५ मध्ये कवळाणे गावातून दत्तक आले ते बाराव्या वर्षी, आणि त्यांचं रीतसर शिक्षण त्यानंतरचं. हे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं. जेवणाच्या ताटावर अप्पांना ऐकवायला नव्हे.

कारण भटकण्याच्या टोमण्यामागे त्यांची एक खरी काळजी आहे: दहावीचं काय? तिला उत्तर द्यायलाच हवं. शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याची वेगळी तरतूद नाही. पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे त्यांचे टप्पेही आहेत. आणि उद्या शाळेतच घालावंसं वाटलं, तर ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. हे सगळं नवऱ्याने एका कागदावर लिहून अप्पांच्या हातात द्यावं. चित्रांच्या वहीने या माणसाचं समाधान होणार नाही, या कागदाने निम्मं तरी होईल.

आता सहलींबद्दल. फार झाल्या. पावागडला साडेचार वर्षांच्या पोराला या उन्हात नेलंस, तेव्हाच मी कपाळावर हात मारला. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, म्हणून सगळ्या मशिदी पोरांनी एका दिवसात उरकायला हव्यात असं थोडंच आहे! पुन्हा जाल तेव्हा थंडीत जा, एका जामा मशिदीच्या अंगणात खेळू दे, डबा खा आणि परत या. डभोईजवळचा वढवाणा तलावही तुझ्या यादीत असणार, मला खात्री आहे. तोही डिसेंबरवर ढकल. पट्टकदंब आणि इतर पाहुणे पक्षी तेव्हा जमलेले असतात, आत्ता जाऊन नुसतं ऊन खाल.

ऑक्टोबरभर एकच जागा धर, कमाटीबाग. आठवड्यातून एकदा, सकाळी लवकर, आणि दर वेळी तोच रस्ता. त्याच झाडाखाली दर आठवड्याला गेलं की पोरांना आपोआप दिसायला लागतं की गवताला तुरे आले, गेल्या वेळचं कोळ्याचं जाळं आज जागेवर नाही, चतुर कमी झाले. पहिल्या फेरीत यातलं काहीच दिसत नाही, आणि तू दर वेळी पहिलीच फेरी करतेयस. सप्तपर्णीचा वास तर संध्याकाळी रस्त्यावरच गाठतो (मला तो डोकेदुखीसारखा वाटतो, पण मुलांना आवडतो). बागेतल्याच म्युझियममध्ये फक्त देवमाशाचा सांगाडा बघायचा आणि बाहेर पडायचं. मुलगा त्याच्या बाजूने पावलं टाकत चालला तर चालू दे. ममी पुढच्या खेपेला. विश्वामित्री नदीच्या काठाजवळ मात्र एकालाही सैल सोडू नकोस. मगर बघायची ती पुलावरून, हात धरून.

दगडांचं तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस. तुमच्या घरात मनापासून अभ्यास करणारा तो एकटाच आहे! त्याला एक टोपली दे आणि गप्प बस. गुळगुळीत-खरबरीत, जड-हलके अशी वाटणी तो स्वतःच करेल. नाही केली तरी हरकत नाही.

उरलेले दिवस घरी. आणि घरी काय कमी आहे? नवरात्र तोंडावर आलंय. घट कोण बसवतं तुमच्याकडे? सासूबाईच ना? मग यंदा माती कालवण्यापासून धान्य पेरण्यापर्यंत नातीला त्यांच्या हाताखाली दे, तू मध्ये पडू नकोस. तशाच मातीत तेच धान्य एका वाटीत पेरून गॅलरीत उन्हात ठेव. देवघरातल्या अंधारात अंकुर लांबुडके आणि पिवळट येतात, उन्हातले बुटके आणि हिरवे. असं का, ते पोरगी स्वतः विचारेपर्यंत सांगू नकोस. सासूबाई काही बोलत नाहीत म्हणतेस, कारण त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही. भोंडला असेल तर खिरापत ओळखायचं कामही त्यांच्याच हाती: गोड की तिखट, ओली की कोरडी, असे प्रश्न विचारत उत्तराशी पोचणं याहून नेमका अभ्यास कुठल्या छापील वर्कशीटमध्ये आहे, मला दाखव.

गरब्याला जाणारच तुम्ही. बडोद्यात राहून कोण जात नाही? तीन टाळीचा ठेका धाकट्यालाही जमतो. पण रात्री उशिरा झोपलेल्या मुलांना सकाळी उठवू नकोस. शाळेची बस नाही, त्याचा एवढा तरी उपयोग करून घे.

घट बसल्यापासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी एकाच वेळी गच्चीवर जा. पहिल्या एक-दोन दिवसांत चंद्र दिसायचा नाही. मग पश्चिमेला बारीक कोर दिसेल, आणि रोज त्याच वेळी ती थोडी जाडी आणि थोडी पूर्वेला सरकलेली. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता चंद्र समोरून वर येतो. त्या रात्री आटीव दूध, किंवा शेजारच्या बेन दूध-पौंवा देतील ते. पातेल्यात दूध किती होतं आणि आटून किती राहिलं, हे मुलीलाच मापू दे.

आणि पाढे. अप्पांना पाढे विचारायचेत ना, मग विचारू दे, फक्त जेवताना नको. आठवड्यातून एक सकाळ त्यांनी नातीला खंडेराव मार्केटला न्यावं. तीही १९०६ सालचीच इमारत, अप्पांना सांगायला आवडेल. हातात पन्नास रुपये आणि छोटी यादी द्यायची: शिंगाडे पाव किलो, झेंडू अर्धा किलो, उरलेल्यात जे बसेल ते. भाव विचारायचा गुजरातीत, हिशोब आजोबांना सांगायचा मराठीत. पैसे कमी पडले तर अप्पांनी घालायचे नाहीत, यादीतलं काय सोडायचं ते तिने ठरवायचं. पहिल्या खेपेला ते घालतील, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

राहिला तुझा थकवा. आठवड्यातले दोन दुपारचे तास मुलं नवऱ्याकडे किंवा सासूबाईंकडे, आणि त्या वेळात मुलांसाठी काहीही शोधायचं नाही, छापायचं नाही, कापायचं नाही. झोप काढ. मार्च-एप्रिलमध्ये मुलीला एकदा साधं विचार, जूनमध्ये शाळेत जायचंय का. ती हो म्हणाली तर फॉर्म आणायला अप्पांनाच पाठव.

– मावशी